आईची हळद

जानेवारी संपत आला की आई चूल शेतात हलवायची. घरी आजीपाशी काकी असायची. आम्ही चौघं, म्हणजे अण्णा, आई, दादा आणि मी, वीस गुंठ्यांच्या हळदीच्या रानात मुक्कामाला. हळद निघायची, शिजायची, वाळायची, पॉलिश व्हायची आणि पोती भरून सांगलीला जायची, तोवर आमचं घर तेच. शाळेलाही तिथूनच जायचं आणि तिथंच परत यायचं. गाव भिलवडीजवळचं, कृष्णाकाठचं. तेव्हा आम्ही तासगाव तालुक्यात मोडायचो, पलूस तालुका नंतर झाला.

आईची आठवण आली की मला आधी ते रान आठवतं. जवळ घेऊन बसायला तिला वेळ नसायचा, म्हणून ती आम्हाला कामालाच जवळ बसवून घ्यायची. ज्याला जे झेपेल ते काम, आणि त्या कामाचं कौतुक चार बायकांत. माझं सगळं लहानपण असं तिच्या हाताखाली गेलं, आणि ते मला फार सुखाचं वाटतं.

हळद तशी नऊ महिन्यांची. अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे लागण व्हायची. वरंब्यावर मधूनमधून आई एरंडाचं बी टोचायची, कोवळ्या पिकाला सावली होते म्हणून. मग भांगलण, म्हणजे तण काढणं, मग मुळांना माती चढवायची भरणी, पुन्हा भांगलण. पावसाळ्यात कंबरेएवढ्या पानांत वाकून भांगलणाऱ्या बायका दिसायच्या नाहीत, नुसतं बोलणं ऐकू यायचं. त्या बोलण्यातला आईचा आवाज मी बांधावरून ओळखायची. पण खरी धांदल हळद काढायच्या वेळची.

काढणीच्या आधी पंधरा-वीस दिवस पाणी तोडायचं. पानं पिवळी पडून लवंडली की विळ्यानं पाला जमिनीलगत कापायचा. आई तो पाला टाकू द्यायची नाही, काहिलीवर, म्हणजे हळद शिजवायच्या मोठ्या कढईवर, झाकायला लागतो म्हणून एका बाजूला रचून ठेवायची. मग गडी कुदळीनं खांदत पुढं जायचे आणि मागं बायका बसून मोडणी करायच्या. एकेक कांदा उचलायचा, आपटून माती झाडायची, मधला मूळ गड्डा वेगळा करायचा आणि त्याला फुटलेली हळकुंडं वेगळी. गड्ड्यांचा ढीग निराळा, हळकुंडांचा निराळा. दोन्हींना शिजायला सारखा वेळ लागत नाही, त्यामुळं इथंच सरमिसळ झाली की पुढं काहिलीत घोटाळा होतो, हे आईनं मला सहाव्या-सातव्या वर्षीच शिकवलं होतं. मालकीण म्हणून ती कधी बांधावर उभी राहिली नाही. कामाच्या बायकांच्या ओळीत बसायची, आणि तिचा ढीग सगळ्यांत मोठा असायचा.

खांदून झालेल्या रानात मातीआड काही हळकुंडं राहतात. तो सरवा आम्हा पोरांचा. दुपारी शाळा सुटली की दादा आणि मी खुरपं घेऊन सरव्याला. वस्तीवरची दुसरी पोरंही यायची, त्यांना आईनं कधी हटकलं नाही. ज्यानं वेचलं त्याचं. संध्याकाळी ती प्रत्येकाची पाटी हातानं तोलून बघायची आणि म्हणायची, "आज हिनं बक्कळ वेचलंय की!" आमचा सरवा ती निराळा शिजवायची, निराळा वाळवायची, आणि त्याचे पैसे आमच्या वह्यांना. त्या पैशाला अण्णांनीही हात लावायचा नाही असा तिचा नियम होता. अण्णा हसायचे, पण पाळायचे.

मला सगळ्यांत प्रिय होत्या त्या हळद शिजवायच्या रात्री.

रानाच्या कडेला मोठं चुलवाण खणलेलं असायचं. त्यावर लोखंडी काहील. काहिलीत हळकुंडं भरायची, ती बुडतील एवढं पाणी, वरून हळदीच्या पाल्याचा जाड थर आणि त्यावर ओलं गोणपाट, म्हणजे वाफ कोंडते. खाली उसाचं पाचट. पाचट भस्सकन पेटतं आणि लगेच विझतं, त्यामुळं जाळाला माणूस सारखं लागतं. दिवसा अण्णा आणि गडी, रात्री आई. एका काहिलीला अडीच-तीन तास लागायचे. एक उतरली की दुसरी चढायची. अशा आठ-दहा रात्री.

आम्ही पाचटाच्या भाऱ्यांना टेकून वाकळ पांघरून बसायचो. आई राखेत रताळी पुरून ठेवायची. ती भाजली की हातावर खेळवत फुंकर मारून सोलून द्यायची. तिच्या हाताच्या हळदीनं रताळ्याला पिवळे डाग पडायचे आणि आम्ही ते तसंच खायचो. दादा खाऊन झोपून जायचा. मला ती जागी ठेवायची, कारण मी चौथीत होते आणि स्कॉलरशिपची परीक्षा ऐन हळदीच्या दिवसांत आली होती.

"वाच मोठ्यानं. मला बी कळू दे, आन् झोप बी याची न्हाई."

आई दुसरीपर्यंत शिकलेली. जाळाच्या उजेडात मी वाचायची, ती पाचट सारत ऐकायची. धडे तिला आवडायचे, पण बुद्धिमत्तेची गणितं त्याहून जास्त. एका रात्री मी एका गणितावर अडले. एक मुलगा रांगेत पुढून सातवा आणि मागून नववा आहे, तर रांगेत एकूण मुलं किती? मी सोळा लिहिलं होतं आणि पुस्तकामागचं उत्तर पंधरा होतं. आईनं जाळ सारायची काठी बाजूला ठेवली. मोडणीच्या ढिगातून हळकुंडं आणली आणि जमिनीवर ओळीनं मांडली. पुढून सात मोजली, सातव्या हळकुंडावर बोट ठेवलं. मग तेच धरून मागं नऊ होईपर्यंत मांडत गेली. सगळी पुन्हा मोजली. पंधरा. "त्यो पोरगा दोनदा मोजलास गं. पुढनं बी त्योच आन् मागनं बी त्योच." सर वर्गात एक वजा करायला सांगायचे, ते मी पाठ केलं होतं. ते का करायचं ते मला त्या रात्री कळलं. पुढं कित्येक गणितं आम्ही दोघींनी अशी हळकुंडं मांडून सोडवली. माझ्या त्या पुस्तकाच्या पानापानावर पिवळी बोटं आहेत, आणि ते पुस्तक माझ्याजवळ आहे.

हळद शिजली कधी म्हणायची, हा आईचा खास प्रांत. काहिलीच्या कडेनं पांढरा फेस यायला लागतो, वाफेला जोर येतो आणि वास बदलतो. कच्च्या हळदीचा वास मातकट, उग्र. शिजत आली की त्यातला उग्रपणा जाऊन भरलेला, गोडसर वास सुटतो. आई मला उठवून विचारायची, "आत्ता कसा येतोय?" मी वाफेत नाक धरून सांगायची, "अजून कच्चाच." मग ती मान हलवायची, किंवा म्हणायची, "नीट घे." नाकानं हो म्हटल्यावरच ती गोणपाटाची कड उचलायची, झाऱ्यानं एक हळकुंड काढायची, अंगठ्यानं दाबायची आणि गवताची काडी खुपसायची. काडी अडकली तर अजून जाळ. सहज आरपार गेली तर उतरवायची. जास्त शिजली तर हळद मऊ पडते, रंग बिघडतो. कमी शिजली तर वाळताना कुठं वाळते कुठं नाही, पुढं कीड लागते. हे दोन्ही टाळायला मधली जी थोडी वेळ मिळते, ती धरायची.

अण्णांना घाई असायची. काहील भाड्यानं आणलेली, दुसऱ्याच्या रानात ती कधी जाणार याची विचारणा रोज व्हायची. "आता झाली की, काढूया," असं ते म्हणाले की आई शांतपणे म्हणायची, "ह्या रातीला एक काहील कमी झाली तर होऊ दे. कच्चं काढायचं न्हाई." या एका बाबतीत तिचा शब्द शेवटचा होता, आणि अण्णांनी तो मानला, हेही मला सांगितलं पाहिजे. पोत्यांवर नाव अण्णांचं असायचं, पण आमच्या हळदीला भाव कशामुळं मिळतो हे त्यांना पुरतं ठाऊक होतं आणि ते चारचौघांत तसं बोलायचे.

प्रत्येक काहिलीतलं ते काडी खुपसलेलं हळकुंड आई फेकायची नाही. गार झालं की पदराच्या गाठीत बांधायची. सकाळी गाठ सोडली की रात्री किती काहिली झाल्या त्याचा हिशेब. मग ती हळकुंडं एका फडक्यावर ओळीनं वाळत घालायची, पहिल्या काहिलीचं पहिलं, दुसरीचं दुसरं. आठवड्यानं एकेक मोडून आत बघायची. आत सगळीकडं सारखा रंग असला की तोंडभर हसायची. एखाद्याच्या गाभ्यात फिकट वर्तुळ दिसलं तर त्या काहिलीचा माल कुठं पसरलाय हे तिला पाठ असायचं, तो ती जास्त दिवस उन्हात ठेवायची.

वाफेनं तिचे हात पोळायचे. उजव्या मनगटावर एक लांब डाग कायमचा राहिला आहे. पोळलं की ती पाण्यात हात बुडवून धरायची आणि डाव्या हातानं पाचट सारायची. मी रडायला लागले की म्हणायची, "तू पाढं म्हण, म्हंजे मला दुखायचं न्हाई." मी तेरापासून सुरू करायची.

परीक्षेच्या दिवशी पहाटे तिनं काहील अण्णांवर सोपवली आणि मला विहिरीवर न्हाऊ घातलं. वेणी घातली. रिबनी पांढऱ्या होत्या. हात साबणानं घासूनही तिच्या बोटांचा रंग त्यांना लागला आणि फुलं पिवळी झाली. केंद्र भिलवडीला होतं. ती माझ्याबरोबर चालत आली, फाटकाशी थांबली, आणि पेपर सुटेपर्यंत तिथंच झाडाखाली बसून राहिली. रात्रभर जागलेली होती. बाहेर आले तेव्हा ती बसल्या बसल्या झोपली होती. मी हात लावल्यावर दचकून पहिलं विचारलं, "रांगेचं आलं हुतं का?" आलं होतं.

शिजलेली हळद ताडपत्रीवर पातळ पसरायची. बारा-पंधरा दिवस ऊन. दिवसातून दोनदा हात फिरवायचा, संध्याकाळी गोळा करून झाकायची. ओल्या हळदीचा वाळल्यावर जेमतेम पाचवा हिस्सा उरतो, चांगली असली तर थोडा जास्त. पाच पोत्यांचं एक पोतं होताना बघणं लहानपणी मला फार अन्यायाचं वाटायचं. आईला विचारलं तर ती म्हणायची, "पाणी गेलं, हळद न्हाई गेली."

या दिवसांत तिचा एक डोळा आभाळाकडं असायचा. एका वर्षी होळीनंतर अवेळी पाऊस आला, तोही रात्री. मला जाग आली ती आईच्या हाकेनं, "उठा रं, थेंब पडला!" तो थेंब तिला झोपेत कसा कळला, मी अजून विचार करते. अण्णा आणि दादा ताडपत्रीची टोकं ओढत होते, आई ओंजळीनं, पाटीनं, मिळेल त्यानं हळद मधे लोटत होती. मी कंदील धरून उभी. वस्तीवरून दोन काकी न बोलावता पळत आल्या. ढीग झाकला तोवर सरी कोसळायला लागल्या. ताडपत्री कमी पडली, तेव्हा आईनं आमची अंथरुणं, वाकळा, सगळं त्या ढिगावर टाकलं. आम्ही गोणपाट डोक्यावर घेऊन झोपडीत उभे राहिलो. तिनं मला पुढं घेतलं, पोटाशी धरलं, आणि पाऊस थांबेपर्यंत काही बोलली नाही. सकाळी ढीग उघडला. कडेची दोन पाट्या हळद भिजली होती, बाकी सगळी कोरडी. तिनं भिजलेली निराळी केली, तिला "घरची" म्हणाली, आणि चहा ठेवला. वाकळा वाळायला चार दिवस लागले.

पुरती वाळली की हळकुंड मोडताना कट् असा खणखणीत आवाज येतो. मग पॉलिश. भोकांच्या पत्र्याचा पिंप, दोन्ही बाजूंना दांडा, दोघांनी फिरवायचा. साल आणि मुळ्या घासून खाली पडतात, पिवळा धुरळा उडतो. दिवसाअखेर सगळ्यांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या. हळकुंड, गड्डा, कणी अशी निवड करून पोती शिवली की टेम्पो.

सौद्याला बायका जात नसत. मी पाचवीत गेले त्या वर्षी अण्णांना ताप होता, दादा लहान, म्हणून आईच बसली चुलत्यांबरोबर, आणि मी तिच्या मांडीवर. वसगडे, नांद्रे करत सांगलीचं मार्केट यार्ड. हळदीची एवढी पोती एका जागी मी पहिल्यांदाच बघितली. सगळा परिसर हळदीच्या वासानं भरलेला. आई डोक्यावरचा पदर सारखा करून आमच्या पोत्यांपाशी उभी राहिली आणि तिथून हलली नाही. खरेदीदार यायचे, मूठभर हळकुंडं हातात घ्यायचे, एक मोडायचे, गाभा बघायचे. प्रत्येक कट् आवाजाला आई माझा हात दाबायची. मग रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव. कुणी तोंडानं काही बोलत नव्हतं. आईनं मला हळूच विचारलं, "भाव तोंडानं का सांगत न्हाईत गं?" चुलते म्हणाले, एकाचा आकडा दुसऱ्याला कळू नये म्हणून. तिला ते पटलं नाही. माल उघड्यावर ठेवलाय तर भावही उघड असावा, असं ती परत येताना म्हणाली. पुढं बऱ्याच वर्षांनी तिथं उघडे सौदे व्हायला लागले तेव्हा मला तिचं ते बोलणं आठवलं.

आमच्या मालाला ओळीतल्या पुष्कळ ढिगांपेक्षा चढा भाव लागला. अडत्यानं विचारलं, "शिजवायला कोण असतं तुमच्यात?" चुलत्यांनी आईकडं बोट दाखवलं. ती खाली बघत राहिली, पण कानापर्यंत लाल झाली होती.

पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, हातात आली. हमाली, तोलाई वजा. उरलेल्यातले सोसायटीच्या कर्जाचे बाजूला, दुकानदाराचे बाजूला. मग आम्ही गणपतीच्या देवळात गेलो, आणि देवळातून निघाल्यावर आईनं भडंग घेतलं. आईला भडंग फार आवडायचं. कागदाची मोठी पुडी, लसणाचा खमंग वास. दादाचा आणि अण्णांचा वाटा आधी बांधून ठेवला, आणि आपला वाटा टेम्पोच्या मागच्या फळीवर बसून तिनं मिटक्या मारत खाल्ला. वारा होता, कुरमुरे उडत होते, आणि ती हसत होती. आईला एवढं मोकळं हसताना त्याआधी मी बघितलं नव्हतं.

हरिपूरची पेवं बघायची तिची फार इच्छा होती. सांगलीपासून जवळच, कृष्णा-वारणेच्या संगमावर ते गाव. जमिनीत खोल खणलेली ती पेवं, वर माणूस उतरेल एवढंच तोंड, आत वर्षानुवर्षं हळद राहते आणि कीड लागत नाही, असं ती ऐकून होती. श्रावणात संगमेश्वराच्या दर्शनाला गेलो तेव्हा तिनं विचारत विचारत एक पेव शोधलंच. तिथल्या माणसानं सांगितलं की तोंड उघडल्यावर आत हवा खेळू द्यावी लागते, आधी कंदील सोडून बघतात, मगच माणूस उतरतो. आई गुडघे टेकून तोंडाशी वाकली आणि वास घेतला. "चांगली शिजवल्याली हाय," म्हणाली. तो माणूस तिच्याकडं बघतच राहिला. २००५ च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरून हळद गेली, तेव्हा आमच्याही रानात पाणी होतं, पण ती दोन दिवस पेवांचंच बोलत होती. कुणाच्या तरी आईनं रात्री जागून शिजवलेली हळद ती, असं म्हणत होती. पाणी ओसरल्यावर स्वतःच्या रानात उतरून तिनं कुजलेले कंद एकेक करून उपटून काढले. २०१९ ला पुन्हा तेच. तेव्हा ती साठीच्या पुढं होती आणि आम्ही नको म्हणत असतानाही चिखलात उतरली.

आता दादा वाफेचा बॉयलर भाड्यानं आणतो. ज्याला आठ-दहा रात्री लागायच्या ते दिवसात उरकतं. मला वाटलं होतं आईला हे आवडणार नाही. पण ती खूश आहे. "सुनंच्या डोळ्यात धूर न्हाई, हात पोळत न्हाईत, आजून काय पायजे?" काहील मात्र विकत घेऊन ठेवायला हवी होती, घरच्यापुरतं शिजवायला, असं तिला वाटतं, आणि दादा ती शोधतोय. बॉयलरच्या प्रत्येक घाण्यातून एक हळकुंड ती काढून घेतेच. बॉयलरवाला पोरगा आता न सांगता आणून देतो आणि विचारतो, "आज्जी, झालं का?"

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मी मिरजेहून फोन करून तिला सांगितलं. म्हणजे काय ते नीट समजून घेतल्यावर तिनं विचारलं, "म्हंजे दुसऱ्या मुलखातल्या हळदीवर आपलं नाव टाकता याचं न्हाई?" मी हो म्हणाले. "चांगलं केलं," म्हणाली, आणि लगेच विषय बेण्यावर, म्हणजे लावायच्या कंदांवर, नेला. कारण दादाला सगळ्या रानात सेलम जातीची हळद लावायची आहे, तिचा उतारा जास्त. आईला निदान दहा गुंठे आपली राजापुरी जात हवी आहे. यंदाही दोघांचं तेच चाललंय, आणि सुनेचं मत आईच्या बाजूनं आहे. आंब्याखाली पाल्यात झाकून दोन्हींचं बेणं ठेवलंय, अक्षय्य तृतीयेला अजून तीन आठवडे आहेत.